दारातलं सूप

सूप सकाळपासून दारात होतं आणि त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

आंबेमोहराचा तांदूळ शिगोशीग भरलेला, त्यावर शेंडीचा नारळ, नारळाला टेकून हिरव्या खणाची घडी. केशरबाईने दार उघडलं तेव्हा हैबतरावांचा गडी कुशाबा ते अंगणात, उंबऱ्यापासून चांगलं लांब, जमिनीवर टेकवत होता.

“ह्ये काय रं, कुशाबा?”

“कालच्या ताशाचं,” तो म्हणाला. “मालकांनी पोचवाया सांगितलं.” आणि टोपी सारखी करत पांदीने निघूनही गेला. त्यालाही थोडं अवघडल्यासारखं झालं असावं.

केशरबाई उंबऱ्यातच उभी राहिली. असलं सूप तिने झोपेतही ओळखलं असतं. हैबतरावांच्या घरी लग्न झालं की दुसऱ्या दिवशी ताशेवाल्याच्या दारात ते यायचं. आणणारा ते जमिनीवर ठेवायचा. ताशेवाल्याच्या बायकोने बाहेर यायचं, वाकून तांदूळ पदरात ओतून घ्यायचे आणि रिकामं सूप पुन्हा जमिनीवर ठेवून मागे सरायचं. हातातून हातात काही जायचं नाही. सून म्हणून या घरात आल्यापासून तिने हे किती वेळा केलं, त्याचा हिशोब नव्हता. मग छप्पन साली तिचा नवरा कोंडीराम नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि त्याच आठवड्यात त्याने ताशाचं तांब्याचं भांडं पुण्याच्या तांबटाला विकून टाकलं. ‘आजपास्नं कुनाच्या दारात वाजवायचं न्हाई आन् दारात आलेलं घ्यायचं न्हाई,’ असं तो पारावर चारचौघांत बोलला होता. तेव्हा थोरला जयसिंग शाळेत जात होता आणि धाकटा ज्ञानदेव त्याच्या बोटाला धरून फिरत होता. आता त्या गोष्टीला पंचवीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत सूप आलं नव्हतं.

“आत्याबाई, कोंबड्या खात्यात की,” प्रभावती मागून म्हणाली. ही जयसिंगची बायको. तिच्या हातात केरसुणी होती.

“हाकल त्यास्नी.”

“हाकलते. पन सूप?”

“त्याला शिवू नगंस.”

“न शिवता कसं राखायचं? मी काय दिसभर हितं राखनीला बसू?” प्रभावतीने जरा विचार केला, मग परसातून कोंबड्यांचं डालगं आणलं आणि सुपावर पालथं घातलं. “घ्या. आता आपुन घेतलं बी न्हाई आन् कोंबडीनं खाल्लं बी न्हाई.”

कोंबड्या डालग्याभोवती फिरू लागल्या. आत आपण असायला हवं, आणि बाहेर कशा, हे त्यांना कळेना.

केशरबाईला हसू आलं, पण ते तिने पदराखाली दाबलं. कोंडीराम अंधारातच फाटी आणायला डोंगराला गेला होता. त्याने सूप पाहिलेलं नव्हतं.

कालचं सगळं तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. हैबतरावांच्या लेकीची वरात बौद्धवाड्याच्या कडेने निघाली होती. ताशेवाले भोर गावाकडचे, ठरवून आणलेले. वाटेत आंब्याखाली थांबून ते गवताच्या जाळावर ताशाचं कातडं तापवत होते. इतक्यात ज्ञानदेवाची बायको, भांडी घासता घासता, ओल्या हातांनीच धावत सुटली.

रुकमिन तिचं नाव. वाड्यातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी तिची रखमा करून टाकली. ज्ञानदेव कॅनडात, टोरांटोला, लेथवर काम करायचा. दहा वर्षांनी तो गेल्या आठवड्यात घरी आला तो हिला घेऊन. ती तिकडचीही नव्हे. त्रिनिदाद नावाचं एक बेट आहे, तिथली. तिच्या आजाच्या आजाला उत्तरेकडून बोटीत घालून उसाच्या मळ्यांवर नेलेलं. रंग आपल्यासारखा, नाकडोळे आपल्यासारखे, आईबापांच्या आईबापांना ‘आजा-आजी’ म्हणते ते सुद्धा आपल्यासारखंच, आणि मराठीचा एक शब्द येत नाही. रोज कुणी ना कुणी तिला बघायला येत होतं. तिचा एक फोटो घरोघर फिरून आला होता. त्यात ती भर रस्त्यात, डोक्यावर हातभर उंच पिसांचा मुकुट घालून नाचत होती. “मोर म्हनायचं का कोंबडा?” असं प्रभावतीने विचारलं, तेव्हा रुकमिनच सगळ्यांत जास्त हसली होती. काय विचारलं ते तिला कळलं नव्हतं तरी.

तर कालही ती हसतच ताशेवाल्यापाशी गेली, खुणेने काड्या मागितल्या. त्याने गंमत म्हणून दिल्या. ताशा गळ्यात अडकवला. आणि मग वरात तिथून हलेचना. नवरदेव घोड्यावर खोळंबला. हैबतराव स्वतः मागे येऊन बघत उभे राहिले.

केशरबाईनेही पाहिलं होतं. पाहताना एकदाच, क्षणभर, तिला वाटलं होतं की हा हात आपण पूर्वी ऐकलाय.

*

जयसिंगला बातमी एस.टी.तच कळली. तो पौडला सरकारी कचेरीत कारकून होता आणि सुटीच्या दिवशी घरी यायचा.

“रावसाहेब,” पुढच्या बाकावरचा एक जण मान वळवून म्हणाला, “तुमची भावजय काय वाजवती वो! कोळवणपतूर गाजलंय.”

“आता फुडल्या लग्नाला भायेरनं ताशा आनाया नगो,” मागून कुणीतरी म्हणालं आणि दोन-तीन जण हसले. त्यात वाईट हेतू नसेलही. जयसिंग मात्र एक फाटा आधीच उतरला आणि उन्हातून चालत आला.

दारात डालगं पाहून तो थांबला. एका बाजूने उचलून त्याने आत बघितलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

“ज्ञाना कुठाय?”

ज्ञानदेव ओट्यावर दाढी करत होता. त्याने आरसा बाजूला ठेवला. “दादा, तिनं खुशीनं वाजवला. तिला काय म्हाईत?”

“तुला माहीत होतं ना?”

“व्हतं.”

“मग अडवलं का नाहीस?”

ज्ञानदेवाने गालावरचा फेस पुसला. उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते मोठ्या भावाला सांगण्यासारखं नव्हतं. तिने थांबावं असं त्याला वाटलंच नव्हतं.

“मी सांगतो काय करायचं,” जयसिंग म्हणाला. “हे सूप मी उचलतो आणि त्यांच्या पारावर नेऊन उपडं करतो. सगळ्या गावादेखत.”

“आन् पान्याचं?” केशरबाई आतून म्हणाली. “वैशाखात आपली हीर आटती. मग समद्या बाया त्यांच्या मळ्यातल्या हिरीवर जात्यात. तू जाशील पौडला. घागर मला वहाया लागती.”

“मी वाहते, आत्याबाई,” प्रभावती म्हणाली.

“तू वाहतीस. पन बोलनी मी खाते.”

“मग काय करायचं म्हणतेस, आई?”

केशरबाई चौकटीला टेकली. “घेऊन टाकू गुमान. तांदूळ कोंबड्यास्नी घालू. म्हाताऱ्याला कळायच्या आत.”

“घेतलं की आपण परत ताशेवाले झालो,” जयसिंगचा आवाज चढला. “कळत कसं नाही तुला? पुढच्या लग्नाला कुशाबा बोलवायला येईल. गेलो नाही तर माजलेत म्हणतील. गेलो तर बानं पारावर दिलेला शब्द गेला. आणि शब्द गेला तर बाचं काय राहिलं? लोक आत्ताच एस.टी.त हसतायत.”

हे सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त मोठ्याने म्हटलं गेलं नव्हतं.

“ज्ञाना, तू तिला चार दिवस पुण्याला घेऊन जा. लॉजवर ठेव. इथलं निवळू दे.”

“माज्याच घरातनं?”

“घरासाठीच सांगतोय.”

“मी काय म्हनते,” प्रभावतीने मध्येच तोंड घातलं. नवऱ्याच्या विरोधात ती चारचौघांत सहसा जात नसे, म्हणून जयसिंग तिच्याकडे बघतच राहिला. “तुमी काल तिला बगितलं न्हाई. मी बगितलं. ती कुनाच्या दारात वाजवत नव्हती.”

“मग काय करत होती?”

“वाजवत व्हती. बास.”

“याला काही अर्थ आहे का?”

“नसंल. पन ती गेली पुन्याला तर मी बी जानार. मला बी लॉज बघायचं हाय.”

*

रुकमिन मागच्या खोलीत बसून हे सगळं ऐकत होती. तिला त्यातलं नवऱ्याचं नाव आणि ‘ताशा’ एवढंच कळत होतं. तिच्या बेटावरही त्याला ‘तासा’च म्हणत. पहिल्या दिवशी हे कळल्यावर तिला केवढा आनंद झाला होता. आता तोच शब्द शिवीसारखा ऐकू येत होता.

ज्ञानदेव आत आला तेव्हा तिने त्याला परसात नेलं. ती दोघं आपसांत इंग्रजीच बोलत.

“मी काय चूक केली?”

“चूक नाही.” त्याने परसातल्या चुलीतली राख काडीने उकरली. “माझे वडील ताशा वाजवायचे. या खोऱ्यात त्यांच्यासारखा कुणी नव्हता.”

रुकमिन दगडावर बसली.

तिला टोरांटोतला तो ऑगस्ट आठवला. बेटांवरून आलेल्या लोकांचा मोठा उत्सव होता. जमैकाचे, बार्बाडोसचे, गयानाचे, त्रिनिदादचे. परक्या शहरात वर्षभर इमारती पुसणारी, बस चालवणारी, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी माणसं त्या दिवशी राजाराणी होऊन रस्त्यावर उतरायची. तेलाच्या पिंपांपासून केलेली वाद्यं, कागदाचे पंख लावलेली पोरं. खिडक्यांतून चिनी दुकानदार आणि काळ्या कपड्यांतल्या पोर्तुगीज म्हाताऱ्या बघत असायच्या. सगळ्यांत शेवटी तिच्या काकाचा ट्रक, त्यावर ताशे. आणि फुटपाथच्या कडेला जेवणाचा डबा धरून उभा असलेला एक काटकुळा माणूस, रडणारा. तिने खाली उतरून विचारलं होतं, कुणी वारलंय का? ‘धूळ गेली डोळ्यात,’ तो म्हणाला होता.

“तू मला इतकी वर्षं धूळच सांगितलीस,” ती म्हणाली. “दर वर्षी पिंपात कागद जाळून कातडं तापवायचं काम तूच करायचास. किती तापवायचं ते तुला न सांगता कळायचं. मला वाटलं, कारखान्यातली अक्कल.”

“सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, त्यांनी सोडला का.”

“मग? का सोडला?”

त्याने तिला सूप समजावून सांगितलं. कुणी ठेवायचं, कुणी वाकायचं, हातातून हातात का जायचं नाही. शब्द कमी पडले तिथे त्याने स्वतः वाकून दाखवलं. रुकमिन बघत राहिली.

“तुझी आई वाकायची?”

“हो.”

“मी त्यांनाच विचारते,” ती उठत म्हणाली. “तुझ्या वडिलांना. तू फक्त सांगत जा.”

*

कोंडीराम आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. त्याने फाट्यांचा भारा उतरवला, डालगं उचलून बघितलं, पुन्हा जसंच्या तसं ठेवलं. पाय धुतले. ओट्यावर बसला. सगळे तो काय बोलतो याची वाट बघत होते.

“रखमेला बोलाव,” तो म्हणाला.

सुपाचा त्याला राग आला नव्हता असं नाही. पण सकाळपासून त्याला वेगळंच काहीतरी सतावत होतं. काल वरात जात असताना तो घरात पडून होता. ताशा सुरू झाला आणि त्याला लगेच कळलं, हा भोरकरांचा हात नव्हे. डावी काडी जड पडतेय. मध्येच ठेका असा काही वळतोय की आपण कधी वळवला नाही. कोण वाजवतंय ते बघायला तो उठला नाही; रखमेचं नाव त्याला रात्री कळलं. पण कुशीवर वळून त्याने कान झाकलेही नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं. पंचवीस वर्षांत असं ऐकलं नव्हतं.

रुकमिन समोर येऊन मांडी घालून बसली. ज्ञानदेव दोघांच्या मध्ये.

“इचार तिला, तितं ताशा कुनाकडं असतो?”

“कुनाकडं म्हंजे काय, असं ती इचारतीय.”

“म्हंजे कुठल्या लोकांकडं. कुनाचं काम?”

रुकमिनने विचार करून सांगितलं, आणि ज्ञानदेवाने मराठीत केलं, “तिला काकानं शिकवलं. काकाचं काम टॅक्सी चालवायचं.”

प्रभावती फिस्सकन हसली.

“टॅक्सीचं न्हवं. ताशाचं.”

“ज्याला येतो त्यो वाजवतो, म्हनती. काकाला शिकवनारा काळा मानूस. त्याच्या वाडवडलांना आफ्रिकेतनं साखळ्या घालून आनल्यालं. आन् त्याला शिकवनारा हिच्या लोकांतला. मुसलमान व्हता का कोन, ते कुनाला म्हाईत न्हाई.”

“आन् ह्यांची जात?”

रुकमिनने मान हलवली. या वेळी ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. “आजीला तिनं इचारलं व्हतं,” ज्ञानदेव म्हणाला. “आजी म्हनायची, बोटीत समद्यांनी एकाच पातेल्यातलं खाल्लं. त्याच्याफुडं काय सांगायचं ऱ्हातं?”

“एकाच पातेल्यातलं,” कोंडीराम स्वतःशी म्हणाला. त्याने तंबाखू काढली, आणि ती मळायची विसरला. “वाजवून मिळतं काय?”

“जेवान. दारू. लोक नाचत्यात.”

“कोन नाचतं?”

“समदेच.”

“मालक बी?”

“कुठला मालक, असं इचारती.”

तिने ते अगदी खरोखर विचारलं होतं. खांबाला टेकून पाठ करून उभा असलेला जयसिंग अर्धा वळला.

मग रुकमिनला काहीतरी आठवलं आणि ती भराभर बोलू लागली. उसाचे गोरे मालक होते पूर्वी, ती म्हणाली. मोहरमला तिथे कागदाचे उंच डोले करून मिरवणूक काढतात, ताशे वाजवत. सगळेच जातात, हिंदू, मुसलमान, काळे. एका वर्षी सरकारने हुकूम काढला की मिरवणूक शहरात आणायची नाही. लोकांनी आणली. सरकारने गोळ्या झाडल्या. माणसं मेली.

“मग ताशा सोडला?” कोंडीराम पुढे वाकला.

“न्हाई. आजून वाजवत्यात.”

“गोळ्या खाऊन धरून ठिवला.” त्याने मान डोलावली. “आन् आमी मानूस व्हावं म्हनून टाकला.” यात तक्रार नव्हती. दोन गावच्या भाताची चव ताडून बघावी तसं तो बोलला.

“बा,” जयसिंगला राहवलं नाही. “म्हणजे ते बरोबर आणि आपण चुकलो, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“न्हाई रं. त्यांना सूप कुनी धाडत नव्हतं. धाडलं असतं, तर त्यांनी बी टाकला असता.”

कोंडीराम उठला. अंगणात जाऊन त्याने डालगं बाजूला केलं आणि वाकून, दोन्ही हातांनी, सूप उचललं. केशरबाईच्या तोंडून ‘अगं बाई’ निघून गेलं. सारा जन्म सूप उचलायचं ते बायकोने. ताशेवाला घरात बसून असायचा.

“आजवर तू उचललंस,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “चला. समद्यांनी.”

“आवो, पन पानी...”

“बघू.”

*

वाटेने जाताना जयसिंग मनात भाषण जुळवत होता. त्यात कायदा होता, घटना होती, कलमाचा आकडासुद्धा होता. हैबतरावांच्या अंगणात मांडवाचे बांबू उतरवणं चाललं होतं. पाहुणे बरेच गेले होते, काही पडवीत आडवे झाले होते. हैबतराव बाजेवर बसले होते.

“या या, क्यानडावाले!” ते ज्ञानदेवाला म्हणाले. मग त्यांना कोंडीरामच्या हातातलं सूप दिसलं. “आरं, ह्ये काय? माघारी?”

“ह्ये तुमी धाडलं, हैबतराव?”

“मी कुशाबाला म्हनलं, पाव्हनीला कायतरी पोचव. तिनं काल मांडवाला शोभा आनली.”

कुशाबा बांबू धरून उभा होता. सगळे त्याच्याकडे बघू लागले तसा तो गोंधळला. “मला काय ठावं, मालक? ताशा वाजला की सूप. दुसरी रीत मला कुनी सांगितली न्हाई.”

हैबतराव हसले, पण मध्येच थांबले. “कुशाबाची चूक झाली. ऱ्हाऊ दे. ठीव तितंच.”

“ठिवत न्हाई,” कोंडीराम म्हणाला. “हातात घ्या.”

बांबू सोडणारी माणसं थांबली.

“जमिनीवर ठिवलं तर त्ये ताशेवाल्याचं. ही ताशेवाली न्हाई, पाव्हनी हाय. तुमीच म्हनला. पाव्हनीला कुनी दारात तांदूळ देत न्हाई. घरात बसवून वाढत्यात. वाढायचं नसंल तर आमचं म्हननं न्हाई, तुमचं घर हाय. पन सूप हातात घ्या.”

जयसिंगच्या भाषणात यातलं एक वाक्य नव्हतं. बाने आवाजसुद्धा चढवला नव्हता. आता हैबतराव काय म्हणतील, आणि ते काहीही म्हणाले तरी उद्या विहिरीवर काय होईल, हे जयसिंगला दिसत होतं, आणि तरीही त्याला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

दारात हैबतरावांची बायको रत्नाबाई येऊन उभी राहिली होती. तिच्या मागे आणखी तोंडं, एकावर एक. सगळ्यांची नजर रुकमिनवर.

“आवो, कवाधरनं उन्हात हुबी हाय ती,” रत्नाबाई म्हणाली आणि हात हलवला. “ये गं बाई, ये.”

ते ‘ये’ पडवीपर्यंतचं होतं की आतपर्यंतचं, हे बहुतेक तिचं तिलाही ठरवायला वेळ मिळाला नाही. रुकमिनला शब्द कळले नाहीत, हात कळला. तिने चपला काढल्या, पायऱ्या चढली, पडवी ओलांडली आणि उंबऱ्यावरून आत गेली. आत भांडं वाजलं. एक म्हातारी उठून तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. रत्नाबाई चौकटीत एक क्षण तशीच उभी राहिली. मग आत वळून म्हणाली, “पाट मांडा गं.”

“ती एकली कशी जेवंल?” केशरबाई पुटपुटली. “तिला मीठ मागाया सुदिक येत न्हाई.” तिने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि पायऱ्या चढली.

“आन् आत्याबाईंना तिची भाषा येत न्हाई,” असं म्हणत प्रभावतीही गेली.

अंगणात पुरुष उरले. हैबतरावांनी दाराकडे पाहिलं, मग सुपाकडे. ते बाजेवरून उठले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. सूप त्यांच्या हातात गेलं तरी कोंडीरामचे अंगठे थोडा वेळ त्याच्या काठावरच राहिले. मग सुटले.

“चला, तुमी बी चला आत,” हैबतराव जड आवाजात म्हणाले.

“न्हाई. माजं झालं.” कोंडीराम उतरवलेल्या बांबूंच्या ढिगावर बसला. हात त्याने गुडघ्यांवर ठेवले.

आतून पोरींचं हसणं ऐकू आलं. कुणीतरी काहीतरी खुणेने विचारत असावं. आणखी हसणं. मग तांब्याच्या भांड्यावर चमचा पडल्यासारखा आवाज, पुन्हा एक, आणि मग सलग. घंगाळ उपडं घातलेलं असणार. ठेका आधी सावकाश होता, पोरींना समजेल असा. मग त्याने वेग घेतला.

कुशाबाने ऐकलं आणि काळजीने हैबतरावांकडे पाहिलं. “मालक, आता ह्याचं काय धाडायचं?”

“गप ऱ्हा,” हैबतराव म्हणाले. सूप अजून त्यांच्याच हातात होतं. ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं.

जयसिंग बापाशेजारी बसला. कोंडीरामची बोटं गुडघ्यावर हलत होती. डाव्या हाताची आधी, मग उजव्या हाताची, मध्येच चुकून थांबत होती आणि पुन्हा माग काढत होती. जयसिंगला लहानपणापासून या बोटांकडे बघायची लाज वाटत आली होती. आज त्याने बघितलं.

“कुठला ठेका हाय ह्यो, बा?”

“म्हाईत न्हाई,” कोंडीराम म्हणाला. त्याने मान तिरकी केली होती. “पैला आपल्यासारखा वाटतोय. मग कुटंतरी वळतोय.”

“कुठे?”

“थांब,” कोंडीराम म्हणाला. “ऐकू दे.”